कसब कोणाच्या मालकीचे?

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाने बरोबर काय न्यावे आणि मागे काय ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता मालक आणि नोकर या दोघांमधला खासगी व्यवहार वाटतो. परंतु ज्या शहरात लक्षावधी माणसे केवळ हातातील कसबावर पोट भरतात, तेथे तो खासगी राहत नाही. तो साऱ्या समाजाच्या भाकरीचा प्रश्न होतो. सुरत हे असे शहर आहे. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे सुरतेच्या घंट्यांवरून फिरून जातात असे व्यापारी सांगतात; कृत्रिम धाग्याच्या कापडाची देशातली अग्रगण्य बाजारपेठही हीच. उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. तेव्हा सुरतेच्या कारखानदाराने आपल्या माणसाला दुसऱ्या कारखान्याच्या दारात जाण्यास मज्जाव करावा की नाही, हा वाद आमच्या वाचकांना परका वाटण्याचे कारण नाही.

वादाचे मूळ नेमणूकपत्रातील एका कलमात आहे. ‘ही नोकरी सुटल्यानंतर अमुक वर्षे मी कोणत्याही प्रतिस्पर्धी पेढीत काम करणार नाही, तसला धंदा स्वतः काढणार नाही,’ अशी हमी त्यात लिहून घेतलेली असते. मुदत कधी एक वर्षाची, कधी तीन वर्षांची. क्षेत्र कधी शहरापुरते, तर कधी साऱ्या देशाचे. एके काळी बड्या कंपन्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरती असलेली ही प्रथा आता खालच्या पायऱ्यांवर उतरू लागली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले. ही सुधारणा सर्वस्वी स्वागतार्ह आहे. ज्या धंद्यात वर्षानुवर्षे तोंडी शब्दावर माणसे कामाला लागली आणि तोंडी शब्दावरच घरी गेली, त्या धंद्यात कागद येणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र कागद आला की कागदावरची कलमेही येतात. आणि रुजू होण्याच्या घाईत असलेला माणूस, आपण ज्या भाषेत बोलत नाही त्या भाषेतील पानावर, न वाचताच सही करतो. म्हणूनच या कलमाची आत्ताच तपासणी होणे अगत्याचे आहे.

मालकाची बाजू ऐकूच नये, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात तथ्य आहे. सुरतेत अलीकडे प्रयोगशाळेत हिरे वाढविण्याचा उद्योग फोफावला. मिथेन व हायड्रोजन वायूंच्या मिश्रणातून हिऱ्याच्या पातळ चकतीवर थरावर थर चढवीत नवा हिरा वाढवायचा, अशी ही रीत आहे. वायूंचे प्रमाण, दाब आणि उष्णता यांचा नेमका मेळ बसविण्यासाठी महिनोन्‌महिने प्रयोग करावे लागतात, अनेक खेपा वाया घालवाव्या लागतात. हा सारा खर्च ज्याने सोसला त्याचा यंत्रचालक ती कृती वहीत उतरवून शेजारच्या कारखान्यात गेला, तर मालकाने हात चोळीत बसावे काय? रंगाईच्या कारखान्यातील डाइंग मास्तर रंगांच्या मात्रांचे तक्ते घेऊन गेला, भरतकामाच्या नक्षीकाराने संगणकातील नमुने उचलून नेले, विक्री-अधिकाऱ्याने गिऱ्हाइकांची यादीच दुसऱ्याच्या स्वाधीन केली, तर त्यात अन्याय आहे हे कोणीही मान्य करील. स्पर्धा म्हणजे लूट नव्हे.

परंतु येथेच एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. वहीतली कृती वेगळी आणि हातातले कसब वेगळे. कच्चा हिरा हातात आल्यावर त्यातला डाग कोठे आहे, चीर कोणत्या बाजूने गेली आहे, कोठे कापले म्हणजे वजन कमीत कमी घटेल, हे ओळखणारी नजर कोणत्याही तिजोरीत ठेवता येत नाही. ती त्या माणसाने आयुष्यभर हाताळलेल्या खड्यांतून कमावलेली असते. संगणकयंत्राने आज हिऱ्याचा आराखडा काढून दिला, तरी तो पारखून घेणारा माणूस लागतोच. कागद चोरला तर चोरी झाली. डोळे घेऊन गेला ती चोरी कशी? नोकर निघून जाताना मालकाची वही परत मागता येईल, पण त्याचे दहा वर्षांचे शिकणे परत मागता येणार नाही. स्पर्धाबंदीच्या कलमाचा मूळ दोष हाच, की ते वही आणि नजर यांत भेदच करीत नाही. गुपित राखण्याच्या नावाखाली ते माणसालाच कुलूप लावते.

आपल्या कायद्याने हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम निःसंदिग्ध आहे: कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार वा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल होय. अपवाद आहे तो धंद्याची गुडविल विकणाऱ्यापुरता. या कलमाची पहिली मोठी परीक्षा १८७४ साली कलकत्त्यात झाली. कांस्य-पितळेची भांडी करणाऱ्या दोन पेढ्यांपैकी एकीने दुसरीला सांगितले, की तू या भागातला धंदा बंद कर, कारागिरांना तू आगाऊ दिलेले पैसे मी भरून देतो. दुसरीने दुकान बंद केले. पैसे मात्र मिळाले नाहीत. मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच यांनी निकाल दिला, की बंदी शहराच्या एका कोपऱ्यापुरती असली तरी ती बंदीच आहे, आणि असा करार न्यायालय अमलात आणणार नाही. इंग्लंडमध्ये बंदी ‘वाजवी’ आहे की नाही हे तपासण्याची प्रथा होती. आपल्या कायद्याने ती पळवाट ठेवली नाही. १८८५ साली आसामच्या एका चहाकंपनीने आपल्या माणसावर, नोकरी सुटल्यावर पाच वर्षे चाळीस मैलांच्या परिसरात तोच धंदा न करण्याचे बंधन घातले होते. तेही न्यायालयाने उडवून लावले.

मग मालकाच्या हाती काहीच उरले नाही काय? उरले, आणि ते ज्या खटल्यांतून ठरले त्यांतील दोन खटले कापड-धाग्याच्या धंद्यातलेच आहेत, त्यांतील नोकरही मराठीच आहेत. अहमदाबादच्या अरविंद मिल्सने देशपांडे नावाचे वीव्हिंग मास्तर तीन वर्षांच्या कराराने नेमले होते. मुदत संपण्यापूर्वी ते दुसरीकडे जाऊ लागले. मुंबई उच्च न्यायालयाने चाळीसच्या दशकात गिरणीच्या बाजूने कौल दिला: कराराची मुदत चालू असेपर्यंत अन्यत्र काम न करण्याचे बंधन पाळावेच लागेल. दुसरा खटला कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचा. टायरमध्ये वापरल्या जाणाऱ्या धाग्याचे तंत्र या कंपनीने हॉलंड व पश्चिम जर्मनीतील कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतले होते. निरंजन शंकर गोळीकरी यांना मार्च १९६३ पासून पाच वर्षांच्या कराराने शिफ्ट सुपरवायझर नेमले, शिक्षण दिले. पुढच्याच वर्षी ते अधिक पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. तेथेही तोच धागा निघत होता. हा वाद कल्याणच्या दिवाणी न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जानेवारी १९६७ मध्ये न्यायमूर्ती शेलत यांनी मनाईहुकूम कायम केला. पण तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. बंदी केवळ टायरच्या धाग्याच्या उत्पादनापुरती होती आणि कराराची पाच वर्षे भरेपर्यंतच, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंत होती. त्यापुढे एक दिवसही नाही.

मालकांचे वकील गोळीकरी खटल्याचा आधार घेतात तेव्हा ही मर्यादा सांगायला सोयीस्करपणे विसरतात. कराराच्या मुदतीतील बांधिलकी आणि मुदतीनंतरची बंदी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली शब्दाला जागणे आहे. दुसरी माणसाला निकामी करणे आहे. १९८० साली सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात हा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. कंपनीने आपल्या दिल्लीतील शाखाधिकाऱ्याला स्वतःच कामावरून कमी केले आणि त्याने स्वतःचा धंदा काढताच त्याच्यावर बंदीचे कलम उगारले! न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी कलमातील ‘सोडून जाणे’ या शब्दांवर बोट ठेवले: ज्याला काढून टाकले तो सोडून गेला असे म्हणता येत नाही. न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी पुढे जाऊन स्पष्ट केले, की नोकरी संपल्यानंतरची बंदी २७ व्या कलमाखाली रद्दच ठरते. विधी आयोगाने १९५८ साली आपल्या तेराव्या अहवालात ‘वाजवी’ बंदीला वाव देणारी दुरुस्ती सुचविली होती. संसदेने ती आजवर केलेली नाही, आणि आमच्या मते ते शहाणपणाचेच झाले.

गेल्या काही काळातील निकालांनी ही रेषा अधिक ठळक केली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा एक करार वैध ठरविला. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरावेत, अशी त्यात अट होती. संबंधित अधिकारी ते भरून दुसऱ्या बँकेत गेला होता. या निकालाने स्पर्धाबंदीलाच मान्यता मिळाली, असा जो गवगवा झाला तो चुकीचा आहे. त्या अधिकाऱ्याला दुसरीकडे जाण्यापासून कोणी रोखले नव्हते. अकाली जाण्याची किंमत काय, एवढाच प्रश्न होता. त्याच्या पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने एका संगणक अभियंत्यावरील मनाईहुकूम उठविला. जुन्या मालकाने त्याला, आपल्याच गिऱ्हाईक असलेल्या संस्थेत नोकरी करण्यापासून तीन वर्षे रोखू पाहिले होते. एकतर आमच्याकडे राहा नाहीतर घरी बसा, असा पेच नोकरापुढे टाकता येत नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ.

येथे वाचक विचारतील, की कायदा इतका स्पष्ट असता भीती कसली? भीती आहे ती न्यायालयातील पराभवाची नाही, न्यायालयापर्यंत पोहोचण्याची आहे. रद्दबातल कलम कायद्याच्या पुस्तकात मेलेले असते, पण नेमणूकपत्रात ते जिवंत असते. वकिलाची नोटीस येते. नव्या मालकालाही तिची प्रत जाते. तो बिचकतो आणि ‘तुमचे आधी मिटवून या’ म्हणून सांगतो. इकडे जुना मालक शेवटचा पगार, बोनस आणि रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवतो. दावा चालविण्याचे न्यायालय करारात भलत्याच शहरी नेमलेले असते. महिना पंचवीस-तीस हजारांवर संसार चालविणारा माणूस तारखांमागून तारखा कशा सोसणार? तो खटला जिंकेल, पण तोवर घरभाडे थकलेले असेल, मुलाची शाळा सुटलेली असेल. म्हणून तो खटला लढत नाही. मुकाट्याने जुन्या घंटीवर परत बसतो आणि पगारवाढीची गोष्ट पुन्हा काढीत नाही. या कलमाचा खरा उपयोग गुपित राखण्यासाठी नव्हे, तर पगार राखण्यासाठी होतो, हे स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे. दुसऱ्या दारात जाण्याची मोकळीक हीच असंघटित कामगाराची एकमेव ताकद असते. ती काढून घेतली की घासाघीस संपली.

आणि हे बंधन परस्पर आहे काय? मुळीच नाही. हिऱ्यांच्या बाजारात मंदी आली तेव्हा, ऑगस्ट २०२४ मध्ये, सुरतेच्या एका मोठ्या पेढीने सुमारे पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुटी जाहीर केली. पुढच्या वर्षी अमेरिकेने भारतीय मालावर जबर जकात बसविली तेव्हाही घंट्या थंडावल्या. मागणी घटली तर मालकाने काम थांबवावे, यात त्याचा नाइलाज असेल हे आम्ही समजू शकतो. परंतु काम नसेल तेव्हा ‘तू मोकळा’ आणि काम असेल तेव्हा ‘तू बांधलेला’, हा कोणता न्याय? मंदीची झळ रत्नकलाकाराने एकट्याने सोसायची असेल, तर तेजीत चार पैसे अधिक देणाऱ्याकडे जाण्याचा हक्कही त्याचाच असला पाहिजे.

या देशाला नोकराला बांधून ठेवण्याचा अनुभव नवा नाही. १८५९ साली इंग्रज सरकारने खास कायदा करून, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला तुरुंगात टाकण्याची सोय केली होती. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. वेठबिगारी संपविणारा कायदा १९७६ साली झाला. आणि सुरतेपुरते बोलायचे तर तिने याहून जुना धडा पाहिला आहे. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेच्या व्यापाराचा मक्ता मिळालेला होता. तिला टाळून व्यापार करणाऱ्यांना ती घुसखोर म्हणे आणि खटले भरी. पण १६९८ साली लंडनमध्ये प्रतिस्पर्धी नवी कंपनी उभी राहिली आणि सुरतेत तिचा अध्यक्ष म्हणून आला तो सर निकोलस वेट, जुन्याच कंपनीच्या चाकरीत वाढलेला माणूस. जुन्या कंपनीचे सर जॉन गेयर आणि वेट यांचे वैर इतके विकोपाला गेले, की मोगल अंमलदारांनी गेयर यांना सुरतेतच अडकवून ठेवले. शेवटी १७०२ चा समझोता होऊन १७०९ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. ज्या घुसखोर थॉमस पिटला कंपनीने दंड करविला होता, त्यालाच तिने मद्रासचा गव्हर्नर नेमले! तात्पर्य असे, की मक्तेदार बंदीची भाषा बोलतात ती नीतीसाठी नव्हे. उपयोगाचा माणूस दिसला की तेच त्याला पहिली खुर्ची देतात. आज बंदीच्या कलमाचा आग्रह धरणारा कारखानदारही शेजाऱ्याचा कुशल मास्तर फोडताना त्याच्या जुन्या करारातील तेच कलम विचारीत नाही.

बंदी नसेल तर उद्योग बुडतील, हा युक्तिवादही अनुभवाला उतरत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने आपल्या करार कायद्यासारखेच कलम नेमके १८७२ सालीच केले; दोन्हींचे मूळ डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या कायदेपंडिताच्या मसुद्यात आहे. त्या राज्यात अभियंते आज या कंपनीत, तर उद्या समोरच्या कंपनीत जातात, आणि तरीही, किंवा म्हणूनच, जगाचा संगणक-उद्योग तेथे बहरला. उलट ज्या राज्यांत बंदीला मुभा होती, तेथे सँडविच करणाऱ्या पोऱ्यांच्या गळ्यातही हे कलम बांधण्यापर्यंत मजल गेली. एप्रिल २०२४ मध्ये तेथील व्यापार आयोगाने अशा कलमांवर देशव्यापी बंदी घातली. पण ऑगस्टमध्ये टेक्सासच्या न्यायालयाने ती रद्द केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानेही माघार घेतली. जे संरक्षण मिळविण्यासाठी तेथील कामगार झगडत आहेत ते आपल्याला दीडशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. ते सैल करण्याचा मोह राज्यकर्त्यांनी टाळावा.

तेव्हा करावे काय? मालकाच्या रास्त गरजेसाठी निराळी वाट हवी. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात त्याचा मसुदा दिला आहे. तो कायदा व्हावा. मात्र नोकराचे सर्वसाधारण कौशल्य आणि अनुभव म्हणजे गुपित नव्हे, हे त्यात स्वच्छ शब्दांत लिहिले जावे. शिक्षणाचा खर्च वसूल करायचा तर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाचा हिशेब दाखवावा आणि नोकरीचा काळ वाढेल तशी ती रक्कम घटत जावी. करार कायद्याचे ७४ वे कलमही वाजवी भरपाईच देते, दंड नव्हे. एखाद्या मोजक्या जाणकाराला काही महिने घरी बसविणे खरोखरच आवश्यक असेल, तर नोकरी चालू ठेवून त्या महिन्यांचा पूर्ण पगार मालकाने मोजावा. आपल्या गुपिताची किंमत आपणच चुकवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रद्दबातल ठरणारे कलम नेमणूकपत्रात घालणे हाच दंडनीय प्रमाद ठरावा, तसेच शेवटचा पगार व रिलीव्हिंग लेटर अडविणाऱ्यावर कामगार खात्याने तत्काळ कारवाई करावी. नेमणूकपत्र कामगाराच्या भाषेत असावे, ही मागणी तर गुजरातेतील आणि महाराष्ट्रातील कामगार संघटनांनी उद्याच हाती घेण्यासारखी आहे.

कारखानदारांनाही आमचे एक सांगणे आहे. माणूस टिकविण्याचे कलम अजून कोणत्याही वकिलाला लिहिता आलेले नाही. वेळेवर पगार, मंदीत हात न सोडणे, कामाची कदर आणि वर चढण्याची संधी यांनी माणूस टिकतो. ज्या पेढीत हे असते तेथून तो शेजारच्या दोन हजारांसाठी सहसा उठत नाही. ज्या पेढीत हे नसते तेथे तो करारामुळे बसून राहिला, तरी त्याचे मन केव्हाच निघून गेलेले असते. सुरतेचे वैभव तिच्या तिजोऱ्यांनी घडविले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या कसबी हातांनी घडविले. त्या हातांना जाता येते, म्हणूनच ते येतात. ही वाट बंद करणाराच उद्या कुशल माणूस मिळत नाही म्हणून तक्रार करील, आणि तेव्हा त्या तक्रारीवर कोणत्याही न्यायालयात मनाईहुकूम मिळणार नाही.